ग्रेड तोच, भट्टी तीच, मग पिन पोटात मऊ का?



मागच्या व्हिडिओत आपण स्टीलचा टीसी कसा वाचायचा ते बघितलं. शेवटी घाईघाईत मी एक वाक्य बोलून गेलो, की टीसीवरच्या पाच आकड्यांवरून जॉब आतपर्यंत कडक होणार की नाही याचा अंदाज कॉम्प्युटरवर आधीच काढता येतो. तेव्हापासून दोन प्रकारचे फोन येतायत. काही जण म्हणतात, "दादा, ते सॉफ्टवेअर कुठं मिळतं, कितीला मिळतं?" आणि काही जुनी मंडळी म्हणतात, "अरे, तीस वर्षं आम्ही हार्डनिंग करून घेतोय, कधी कॉम्प्युटर लागला नाही. नव्या पोरांना कशाला घाबरवतोस?"

माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे. लाखाचं सॉफ्टवेअर तुम्हाला नको. पण हिशेब न करता ऑर्डर घेणं आता परवडत नाही. हे मी मोठेपणानं सांगत नाही, यात माझे स्वतःचे हात पोळलेत.

माझं राऊंड बारचं दुकान आहे हे तुम्हाला माहीतच आहे. माझ्याकडून माल नेणारा एक मुलगा, नाव नको, आपल्याच बॅचमधून शिकून गेलेला. एक सीएनसी आणि एक जुनं लेथ एवढ्यावर धंदा सुरू केला. त्याला एका कंपनीची पिनांची ऑर्डर मिळाली. ६५ मिमी व्यास, २१० मिमी लांबी, मटेरियल ४२ सीआरएमओ ४, म्हणजे आपण बाजारात ज्याला सरसकट ईएन १९ म्हणतो ते. ड्रॉईंगवर हार्डनेस ३० ते ३४ एचआरसी, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ: सरफेसपासून कोअरपर्यंत.

पहिला लॉट ५० पिनांचा होता. पास. कंपनी खूश, मुलगा खूश, मीही खूश. तीन महिन्यांनी १२० पिनांची ऑर्डर आली. माल माझ्याकडचाच, भट्टीवाले काका तेच, तेल तेच, तापमान तेच. बाहेरून ३२ एचआरसी लागला. कंपनीनं एक पिन मधोमध कापली आणि केंद्रात तपासली, तर २४. अख्खा लॉट परत, वर डेबिट नोट. मटेरियल, टर्निंग, हार्डनिंग, ग्राइंडिंग सगळं धरून सव्वा लाखाच्या घरात गेलं प्रकरण. नवा धंदा असलेल्या माणसासाठी ही रक्कम काय असते ते मी वेगळं सांगायला नको. त्याच महिन्यात मशीनचा हप्ता होता.

मग सुरू झाला आपला नेहमीचा तमाशा. मुलगा मला म्हणाला, "दादा, माल तुमचा. पोटात मऊ लागायलाय." मी म्हणालो, टीसी बघ, सगळं रेंजमध्ये आहे. भट्टीवाले काका म्हणाले, "मी चाळीस वर्षं या तेलात जॉब बुडवतोय, माझ्यावर घालू नका." आणि गंमत बघा, तिघंही खरं बोलत होतो.

तेव्हा पहिल्यांदा मी खाली बसून हे प्रकरण नीट वाचलं. मी बीबीए केलेला माणूस, धातुशास्त्र माझं नव्हे. त्यामुळे जे मला समजलं ते तुम्हाला नक्की समजेल.

आधी एक गोंधळ दूर करू. कडकपणा वेगळा आणि कडक होण्याची खोली वेगळी. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा विळा जास्तीत जास्त किती कडक होईल हे मुख्यतः त्यातल्या कार्बनवर ठरतं. पण जाड जॉबमध्ये तो कडकपणा किती आतपर्यंत जाईल, हे ठरवणारी मंडळी दुसरी: मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम, निकेल. जॉब तेलात गेला की कातडी झटकन थंड होते, पोट सावकाश थंड होतं. साधं कार्बन स्टील सावकाश थंड झालं तर मऊच राहतं. ही मिश्र द्रव्यं स्टीलला थोडा वेळ मिळवून देतात, म्हणजे पोट हळू थंड झालं तरी तिथे कडक रचना तयार होते. या गुणाला हार्डनेबिलिटी म्हणतात. ड्रॉईंगवरची ती बारीक ओळ या गुणाबद्दल होती, आणि आम्ही तिघं हार्डनेसबद्दल भांडत होतो.

हा गुण मोजायची पद्धत १९३८ साली अमेरिकेत वॉल्टर जॉमिनी आणि ए. एल. बोगेहोल्ड यांनी मांडली. २५ मिमी व्यासाची, १०० मिमी लांबीची कांडी घ्यायची, भट्टीत लाल करायची, उभी टांगायची आणि खालच्या तोंडावर फक्त पाण्याचा फवारा मारायचा. खालचं टोक क्षणात थंड, वरचं टोक हवेत सावकाश. म्हणजे एकाच कांडीत थंड होण्याचे सगळे वेग आले. मग बाजूला थोडं घासून टोकापासून दीड, तीन, पाच मिमी असं मोजत हार्डनेस बघत जायचं. हार्डनेस लवकर घसरला तर स्टील उथळ, लांबपर्यंत टिकला तर खोल. एवढी साधी टेस्ट आजही जगभर चालते, आपल्याकडे भारतीय मानक आयएस ३८४८ आहे. इतक्या कमी खर्चात एवढी माहिती देणारी दुसरी टेस्ट मला तरी माहीत नाही.

पण आपल्या कामाची खरी गोष्ट १९४२ मधली. ग्रॉसमन नावाच्या धातुतज्ज्ञानं सांगितलं, की कांडी करायच्या आधीच, नुसत्या रासायनिक आकड्यांवरून ही खोली काढता येते. त्यानं एक माप ठरवलं, आदर्श व्यास. म्हणजे कल्पनेतल्या सर्वोत्तम क्वेंचमध्ये जास्तीत जास्त किती जाडीच्या बारच्या केंद्रात अर्धी तरी रचना कडक, म्हणजे मार्टेन्साइट, होईल. कार्बनवरून एक पायाचा आकडा घ्यायचा, आणि प्रत्येक मिश्र द्रव्याचा एक गुणक काढून गुणत जायचं. काळ युद्धाचा होता, अमेरिकेत निकेल-क्रोमची टंचाई होती. अशाच विचारातून कमी मिश्र द्रव्यांची स्टीलं तयार झाली. आज आपण दुकानात ८६२० म्हणून जे विकतो ते त्याच घराण्यातलं. म्हणजे हा हिशेब जन्मलाच टंचाईत, कमी पैशात जास्त काम करून घेण्यासाठी. आपल्या लोकांचंच गणित आहे हे.

गुणक सांगतो, लिहून घ्या. हे एएसटीएम ए २५५ या मानकात दिलेले आहेत. मँगनीजच्या टक्क्याला ३.३३ नं गुणा आणि १ मिळवा (मँगनीज १.२ टक्क्यापर्यंत). सिलिकॉनला ०.७, क्रोमियमला २.१६, मॉलिब्डेनमला ३, निकेलला ०.३६, प्रत्येकात गुणून १ मिळवायचा. कार्बन ०.३९ टक्क्यापर्यंत असेल तर पायाचा आकडा म्हणजे कार्बन गुणिले ०.५४. त्याच्यावर असेल तर सूत्र थोडं बदलतं. ग्रेन साइज ७ धरलेला आहे. उत्तर इंचात येतं, २५.४ नं गुणलं की मिमी.

आता आमच्या परत आलेल्या लॉटचा टीसी बघा. कार्बन ०.३९, मँगनीज ०.६२, सिलिकॉन ०.२०, क्रोमियम ०.९२, मॉलिब्डेनम ०.१६. सगळं रेंजमध्ये, पण सगळं तळाला. हिशेब: ०.२१०६ × ३.०७ × १.१४ × २.९९ × १.४८, म्हणजे ३.२६ इंच, सुमारे ८३ मिमी.

पहिल्या, पास झालेल्या लॉटची हीट वेगळी होती. कार्बन ०.४२, मँगनीज ०.८०, सिलिकॉन ०.२६, क्रोमियम १.१०, मॉलिब्डेनम ०.२५. तोच हिशेब केला तर ५.५९ इंच, म्हणजे १४२ मिमी.

८३ आणि १४२. ग्रेड एकच. किलोचा भाव एकच. मी एकाच रॅकमधून दिलेला माल.

हा आकडा पहिल्यांदा आला तेव्हा मी तीनदा गुणाकार करून बघितला. एवढा फरक कसा? मँगनीजमध्ये फक्त ०.१८ चा फरक, मॉलिब्डेनममध्ये ०.०९ चा. पण हे गुणाकाराचं गणित आहे, बेरजेचं नाही. एक गुणक २० टक्क्यांनी मोठा, दुसरा १८, तिसरा १३, आणि सगळे एकमेकांवर चढतात. आपल्याकडे कंपनी, डिस्ट्रिब्युटर, होलसेलर, रिटेलर प्रत्येक जण आपलं मार्जिन आधीच्या किमतीवर चढवतो आणि वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात येईपर्यंत किंमत कुठल्या कुठं जाते ना, अगदी तसं.

आता म्हणाल, ८३ मिमी आहे ना, पिन तर ६५ ची, मग मऊ का? कारण ८३ हा आदर्श क्वेंचचा आकडा आहे, आणि तसं क्वेंच जगात कुठल्याच टाकीत नाही. थंड करण्याच्या ताकदीलाही एक आकडा असतो. स्थिर पाणी १ धरलं तर स्थिर तेल साधारण ०.२५ ते ०.३०, थोडं हलवलेलं तेल त्याच्या जरा वर. या तेलात आदर्श ८३ चा प्रत्यक्ष व्यास निम्म्याच्या आसपास येतो, चाळीस-बेचाळीस मिमी. ६५ ची पिन पोटात मऊ राहणारच होती. काकांनी काहीही केलं असतं तरी. आणि १४२ वाला बार तेलाची कपात जाऊनही ६५ च्या बराच वर राहतो, म्हणून पहिला लॉट आरामात पास झाला. त्या यशात आमची हुशारी शून्य होती, हे पचवायला मला जरा वेळ लागला. मग पाण्यात का नाही बुडवायचं, असं कुणीतरी विचारेलच. या कार्बनचं मिश्र स्टील पाण्यात टाकलं तर क्रॅक जायची भीती, म्हणून तेल.

हा हिशेब एक्सेलमध्ये बसवायला मला एक संध्याकाळ लागली. माझ्या मते लहान उद्योजकासाठी कॉम्प्युटरवरचं भाकीत म्हणजे एवढंच, आणि एवढं पुरेसं आहे.

याच्या पुढच्या पायऱ्या नाहीत असं नाही. याच मानकात रासायनिक आकड्यांवरून जॉमिनीचा अख्खा आलेख काढायची रीत आहे, तीही एक्सेलमध्ये बसते. त्याच्यापुढे कॅनडातल्या कर्काल्डी यांच्यासारख्या लोकांनी १९८० च्या दशकात स्टीलच्या आत रचना कशी बदलते याचीच समीकरणं मांडली, १९९८ मध्ये ली आणि सहकाऱ्यांनी ती सुधारली. आजची जेमॅटप्रो, डान्टे, डिफॉर्म अशी सॉफ्टवेअर थंड होण्याच्या वेगावरून रचना, हार्डनेस सांगतात, आणि काही तर तुमच्या जॉबचा थ्रीडी आकार घेऊन कुठल्या कोपऱ्यात किती कडकपणा येईल, जॉब किती वाकेल हेसुद्धा दाखवतात. रंगीत चित्र बघून माणूस भारावतो. क्रँकशाफ्ट, गिअर, मोठे फोर्जिंग करणाऱ्यांना ते लागतंच, त्यांचं एकेक डाय ट्रायल वाचलं तरी पैसे वसूल.

पण तुम्ही आम्ही ते घेऊन काय करणार? त्या सॉफ्टवेअरला विचारायचं असतं, तुमचं तेल जॉबमधून कुठल्या तापमानाला किती उष्णता खेचतं? काकांच्या टाकीतलं तेल किती जुनं आहे, त्यात किती पाणी मुरलंय, दुपारच्या चौथ्या बॅचला ते किती तापलेलं असतं, हे खुद्द काकांनाही आकड्यात सांगता येणार नाही. मग पुस्तकातला आकडा टाकायचा. म्हणजे आठ दशांशांपर्यंत अचूक गणित, आणि पाया अंदाजाचा. जो तुम्हाला "सर, एकदा सिम्युलेशन केलं की ट्रायलची गरजच नाही" असं सांगतो, त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

माझ्या एक्सेललाही मर्यादा आहेत बरं का. बोरॉन घातलेलं स्टील असेल तर हे साधे गुणक विसरा. बोरॉन टक्क्याच्या हजाराव्या भागात असतं आणि तरी खोली बरीच वाढवतं, पण नायट्रोजननं ते पकडलं तर काहीच काम करत नाही. ग्रेन मोठा-बारीक झाला की उत्तर हलतं. भट्टीत जॉबला पुरेसा वेळ दिला नाही, कार्बाइड विरघळलेच नाहीत, तर टीसीवरचं क्रोमियम नुसतं कागदावर राहतं. म्हणून मी काठावरचा आकडा कधी धरत नाही. हिशेबात ७० आला आणि जॉब ६५ चा असेल, तर मी माझ्यापुरतं "नाही" समजतो. एक तुकडा कापून, हार्डनिंग करून, मधोमध चिरून बघितल्याशिवाय पूर्ण लॉट भट्टीत घालत नाही. हिशेब तुम्हाला एवढंच सांगतो की कुठल्या मालावर हा तुकडा वाया घालवण्यात अर्थ आहे.

जुन्या मंडळींना माझं एवढंच म्हणणं आहे, की तुमचा अनुभव खरा आहे, पण तो तुमच्या हातातल्या मालापुरता आहे. एकाच गिरणीचा माल, एकाच प्रकारच्या हीट, एकच भट्टी असेल तर अनुभव पुरतो. आज माझ्या रॅकमध्ये तीन-चार ठिकाणचा माल असतो. मिश्र द्रव्यं महाग आहेत, त्यामुळे बनवणारा रेंजच्या तळाला राहायला बघतो. यात फसवणूक काही नाही, रेंज दिली आहे तर तो स्वस्त टोकच धरणार. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

आणि आता दुकानदार म्हणून एक कबुली. हीटनुसार टीसी मागणारं गिऱ्हाईक आम्हाला आवडत नाही. रॅकमध्ये दोन हीटचे बार मिसळलेले असतात, पोऱ्या हाताला येईल तो कापून देतो. हीट नंबरचा पंच बारच्या एका टोकाला असतो. ते टोक पहिल्या गिऱ्हाइकाबरोबर कापून गेलं की उरलेल्या बारचं नाव-गाव संपलं. मग फाइलमधला त्या ग्रेडचा कुठला तरी टीसी झेरॉक्स करून दिला जातो. आमच्याकडेही हे व्हायचं. त्या १२० पिनांनंतर मी बंद केलं. आता पंच नसलेल्या टोकाकडून कापायचं, आणि बिलावर हीट नंबर लिहायचा. सुरुवातीला पोरं वैतागली, आता सवय झाली. तुमचा दुकानदार हे करत नसेल तर भांडू नका. बारचा छोटा तुकडा घ्या आणि स्पेक्ट्रो टेस्ट करून आणा, काही शेकड्यांत काम होतं. सव्वा लाखापुढे काहीच नाही ते.

याची दुसरी बाजू कुणी बोलत नाही, तीही सांगतो. हा हिशेब फक्त रिजेक्शन वाचवत नाही, महाग मालही वाचवतो. २५ मिमीच्या पिनेसाठी, केवळ भीतीपोटी, ईएन २४ मागणारे लोक माझ्याकडे दर आठवड्याला येतात. त्यात निकेल, म्हणजे भाव वर. त्यांच्या जॉबला ४२ सीआरएमओ ४ ची तळातली हीटसुद्धा खोलीच्या हिशेबानं पुरते. अर्थात ड्रॉईंगवर ग्रेड लिहिला असेल तर कंपनीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय बदलायचा नाही, ते वेगळं. उलट ईएन ८ चा हिशेब केला (कार्बन ०.४०, मँगनीज ०.७५, सिलिकॉन ०.२०), तर आदर्श व्यासच २२ मिमीच्या आसपास येतो, तेलात तर आणखी कमी. म्हणजे ५० मिमीचा ईएन ८ चा शाफ्ट "आतपर्यंत हार्ड करून द्या" असं कुणी म्हणालं, तर ती ऑर्डर घ्यायचीच नाही. ईएन ८ वरून कडक करून वापरायचं स्टील आहे, त्याचं तेच काम.

मोठ्या ऑर्डरला, दर महिन्याला तोच जॉब असेल तर, गिरणीकडून हार्डनेबिलिटीची हमी असलेला माल मागता येतो. युरोपीय ग्रेडच्या नावापुढे +एच लिहिलेलं असतं. +एचएच म्हणजे पट्ट्याच्या वरच्या बाजूचा, +एचएल म्हणजे खालच्या. अमेरिकन ग्रेडमध्ये ४१४०एच असं येतं. टनावारी घेणाऱ्यालाच ते मिळतं, पण चार-पाच जणांनी मिळून माल बुक केला तर का नाही? आपल्या दोन बॅचच्या मुलांनी तसं करून बघायचं ठरवलंय, झालं की सांगेन.

त्या १२० पिनांचं काय झालं ते राहिलंच. कापून गेलेली एक सोडून ११९ पिना त्याच्या शेडच्या कोपऱ्यात दोन महिने पडून होत्या. भंगारात घालायच्या आधी आम्ही दोघांनी दुकानात बसून तोच हिशेब उलटा केला. हा माल तेलात चाळिशीपर्यंत पोटातून कडक होतो, मग चाळिशीच्या आतला जॉब शोधायचा. एका शेती अवजारवाल्याला ३६ मिमीच्या पिना हव्या होत्या. चार पिना टर्न केल्या, पुन्हा काकांकडे तेलात घातल्या, एक मधोमध कापली. केंद्रात ३१ एचआरसी. मग बाकीच्याही केल्या. टर्निंगमध्ये बराच माल चिपमध्ये गेला, फायदा झाला नाही, पण निम्म्याच्या वर पैसे सुटले आणि मशीनचा हप्ता चुकला नाही. तोटा उरला त्यातला काही भाग मी पुढच्या मालाच्या बिलातून सोडला, कारण ८३ आणि १४२ चा माल एका भावात, न सांगता मीच दिला होता.

शनिवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे दुकानात बसणार आहे. एक्सेल तिथे लॅपटॉपवर आहे, ज्यांना हवी त्यांनी पेन ड्राइव्ह आणा. नुसतं "ईएन १९ आहे" असं सांगत येऊ नका. टीसी आणा, हीट नंबर असलेला, आणि जॉबचा व्यास व भट्टीवाला कशात बुडवतो ते विचारून या.